कोणताही असा रंग नसतो

द्वितीय वर्ष, कला

गेल्या वर्षी जून महिन्यात कॉलेज सुरू झाले, त्या आठवड्यात मी शाईची बाटली घ्यायला बाजारपेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारले, "रंग कोणता देऊ?" मी म्हणाले, "कोणताही द्या." तो वह्यांचा गठ्ठा बांधत होता. मान वर न करताच म्हणाला, "कोणताही असा रंग नसतो, ताई."

दुकानात गर्दी होती. माझ्या मागे उभ्या असलेल्या दोन मुली हसल्या. माझे कान तापले आणि घाईघाईने मी निळी बाटली उचलली. त्या दिवशी त्या माणसाचा राग आला होता. आज वाटते, प्रथम वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मला मिळालेला तो सर्वांत उपयोगी धडा होता. (प्राध्यापक मंडळींनी रागावू नये. त्या आठवड्यात वेळापत्रकच लागले नव्हते.)

आमच्या घरात 'कोणताही' हा शब्द फार वापरात आहे. आप्पा बाजार समितीत हमाली करतात. रेशनवर जो तांदूळ येईल तो तांदूळ. थोरल्या चुलतबहिणीला जो ड्रेस आखूड झाला तो माझा ड्रेस. कॉलेज कोणते, तर सकाळची एस. टी. जिथे वेळेवर पोचते ते. विषय इतिहास का घेतला, याचे उत्तर मी मुलाखतीत फार छान देते. पण खरे कारण हे, की इतिहासाचे तास दीडच्या गाडीच्या आत संपतात. तक्रार म्हणून हे सांगत नाही. घरात मला कुणी काही कमी केले नाही. पण 'तुला काय आवडते?' हा प्रश्नच जिथे फारसा कुणी विचारत नाही, तिथे उत्तर तयार ठेवण्याची सवय लागत नाही. मग एकोणिसाव्या वर्षी एक दुकानदार साधा रंग विचारतो आणि आपण गप्प होतो.

आता हा लेख लिहिण्याचे निमित्त. परवा ग्रंथालयात मी पेनात शाई भरत होते, तेव्हा आमच्याच वर्गातला एक मित्र म्हणाला, "शाईचे कसले लाड? ज्यांच्या घरी भरपूर आहे त्यांची ही थेरं. आपल्यासारख्यांनी पाच रुपयांचे पेन घ्यावे आणि नोट्स उतरवाव्यात." त्याच्याशी मी तिथे भांडले नाही, कारण ग्रंथपाल पाहत होते. म्हणून इथे भांडते. माझे म्हणणे असे, की शाईचा रंग आपल्या मनाने आणि आपल्या कारणाने निवडणे ही चैन नव्हे. उलट, ज्यांना निवडीची सवय नाही त्यांनी ती कुठून तरी सुरू करायचीच असेल, तर दोन-तीन वडापावांच्या किमतीत येणाऱ्या आणि सहामाही सहज पुरणाऱ्या बाटलीपासून करावी. चुकले तरी नुकसान थोडे.

आणि मी चुकले. ती गोष्ट आधी सांगते.

माझे पेन शेजारच्या निवृत्त गुरुजींनी बारावीच्या निकालाच्या दिवशी दिले. काळे, जाडजूड, ड्रॉपरने शाई भरायचे. त्यात मी ती निळी शाई भरली. निळा रंग काय सुरेख होता! वहीच्या पानावर नुसता पाहत बसावे. ऑगस्टमध्ये एका दुपारी एस. टी.च्या खिडकीची काच वर सरकेना, पाऊस आत आला आणि माझ्या दप्तरातल्या मराठेशाहीच्या नोट्सची तीस-बत्तीस पाने आकाशी झाली. अक्षर एक नाही. पुरंदरचा तह, आग्र्याहून सुटका, राज्याभिषेक, सगळे वाहून गेले. ती शाई कोणत्या कंपनीची होती हे सांगत नाही, कारण दोष शाईचा नव्हता, माझा होता. बाटलीवर इंग्रजीत स्पष्ट छापले होते, 'वॉशेबल', म्हणजे धुऊन जाणारी. ते मी वाचलेच नव्हते.

पुढे कळले, की 'रॉयल ब्लू' नावाने येणारा हा निळा पुष्कळदा मुद्दाम धुऊन जाईल असाच केलेला असतो. शाळकरी मुलांच्या कपड्यांवर डाग राहू नयेत म्हणून. जर्मनीत पुष्कळ शाळांतून अजून मुले फाउंटन पेनाने लिहायला शिकतात आणि त्यांच्या दप्तरात या निळ्याला पुसून टाकणारे एक वेगळे पेन असते. चुकले, पुसले, पुन्हा लिहिले. म्हणजे जो गुण तिकडच्या मुलाच्या कामाचा, तोच माझ्या एस. टी.तल्या वहीच्या मुळावर आला. शाई चांगली की वाईट हे बाटलीत ठरत नाही. ती कुठे नेणार आणि कशासाठी वापरणार यावर ठरते.

त्यानंतर मी रंगांच्या नादी लागले. हॉस्टेलवरच्या मैत्रिणींकडे तऱ्हेतऱ्हेच्या बाटल्या आहेत: मोरपंखी, जांभळा, गुलाबी, चॉकलेटी. प्रत्येकीकडून ड्रॉपरभर मागून आणली. एकदा तर कहर केला. चित्रकलेच्या मैत्रिणीकडची काळी ड्रॉइंगची शाई पेनात भरली. काळ्याकुळकुळीत रेघा उमटल्या, पाण्याने हलेनात. मला वाटले, सापडले! दुसऱ्या दिवशी पेन बंद. त्या शाईत लाखेसारखा चिकट पदार्थ असतो, तो वाळला की निब आणि निबाखालची जीभ दोन्ही बुजवून टाकतो. दोन दिवस पेन कोमट पाण्यात बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून वाचवले. गुरुजींना अजून सांगितलेले नाही. हा अंक त्यांच्याकडे जाईल, तेव्हा कळेलच.

या नादात एक गोष्ट ध्यानात आली. रंग बाटलीत पाहून निवडूच नये. बाटलीत सगळ्या गडद शाया सारख्याच काळ्या दिसतात. त्याच शाईची बारीक निबाने ओढलेली रेघ फिकट येते, जाड निबाने गडद येते. चांगल्या कागदावर अक्षर रेखीव उमटते. आपल्या ट्यूटोरियलच्या कागदावर तेच अक्षर पाय फुटल्यासारखे पसरते आणि मागच्या बाजूलाही उतरते. तेव्हा आपले पेन, आपला कागद आणि आपला हात घेऊन चार ओळी लिहाव्यात, त्या उद्या सकाळी उजेडात पाहाव्यात आणि मग आवडले की नाही ते बोलावे. मोरपंखी रंगाने मी पहिल्या दिवशी वेडी झाले होते. तिसऱ्या दिवशी राजकीय विचारप्रणालीच्या नोट्स त्या रंगात वाचताना डोळे दुखले.

आणखी एक गंमत करून पाहा. फळ्यावरचा पांढरा खडू घ्या. बुडाकडून बोटभर वर काळ्या शाईचा एक ठिपका द्या आणि खडू बशीतल्या थोड्याशा पाण्यात उभा करा. ठिपका पाण्याच्या वर राहिला पाहिजे. पाणी वर चढू लागते आणि काळ्याच्या पोटातून जांभळा, निळा, पिवळट असे पट्टे निघतात. मी हे आईला करून दाखवले. ती म्हणाली, "म्हंजे काळ्यात काळं न्हाईच म्हण की!" विज्ञान शाखेचे मित्र हसतील, त्यांना हे आठवीपासून ठाऊक आहे. मला मात्र वाटले, रंगाचे नाव आणि रंगाचे पोट यांत एवढे अंतर असते, तर बाटलीवरच्या लेबलावर काय विसंबायचे?

नावाचेच घ्या. 'शाई' हा शब्द फारसीतल्या 'सियाही'वरून आला. सियाही म्हणजे काळेपणा. तेव्हा 'निळी शाई' म्हणजे 'निळा काळेपणा' आणि 'तांबडी शाई' म्हणजे 'तांबडा काळेपणा'! आपण रोज म्हणतो आणि कुणाला हसू येत नाही. पूर्वी शाई काळीच असायची. दिव्याची काजळी धरायची, डिंकाच्या पाण्यात तासन् तास खलायची आणि बोरूने लिहायचे. आपल्या पोथ्या आणि मोडी दफ्तरे अशा शाईने लिहिलेली आहेत. काजळी म्हणजे कोळसाच. त्याला ऊन उडवीत नाही. म्हणून शेकडो वर्षे झाली तरी अक्षर काळे आहे.

पोथ्यांत दुसरा रंग असे तो तांबडा, हिंगुळाचा. तो कशाला वापरीत? आरंभीच्या नमनाला, अध्यायाच्या समाप्तीला, ओवीच्या दंडांना. मानाच्या जागी तांबडे. हे वाचले तेव्हा मला माझ्या पाचवीतल्या निबंधाची वही आठवली. तिच्यातही मानाच्या जागी तांबडे होते, पण ते माझ्या ऱ्हस्व-दीर्घांवर! तोच रंग पोथीत नमस्कार करतो आणि वहीत कान धरतो. आमच्या एक प्राध्यापिका ट्यूटोरियल्स पेन्सिलीने तपासतात आणि समासात प्रश्न लिहितात: 'हे कशावरून?' ते प्रश्न वाचावेसे वाटतात. तांबड्या फुल्या मोजाव्याशा वाटतात. लाल बाटली फेकून द्या असे मी म्हणत नाही, पण तो रंगही कुणी तरी निवडलेला आहे आणि दुसरा निवडता येतो, एवढे नम्रपणे सुचवते.

रंगांची ही मालकी आपण लहानपणापासून शिकतो. लाल गुरुजींचा. हिरवा साहेबांचा. राहिले निळे-काळे, ते आपले. हिरव्या शाईने सही करणारा माणूस मोठा, असे आमच्याकडे पक्के मानतात. दाखला हिरव्या सहीचा असला की आप्पा तो दोन्ही हातांनी धरतात. केंद्र सरकारच्या कार्यालयीन पद्धतीच्या नियमांतसुद्धा सर्वसाधारणपणे निळी किंवा काळी शाई वापरावी आणि हिरवी-तांबडी फार वरच्या अधिकाऱ्यांनी, तीही क्वचित, अशी तरतूद आहे. परीक्षेतही निळी किंवा काळीच. त्या नियमाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. उत्तरपत्रिका कुणाची हे तपासणाऱ्याला ओळखू येऊ नये, म्हणून वेगळा रंग नको, हे कारण न्यायाचे आहे. नाव झाकलेले असते तेव्हाच आमच्यासारख्यांना गुण खरे मिळतात. निवडीचा आग्रह धरणाऱ्याने कुठे निवड नको हेही समजून घ्यावे.

आता ज्या प्रसंगाने माझी स्वतःची निवड ठरली, तो सांगते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्र हवे होते. ज्यांना हे करावे लागले आहे त्यांना सांगायला नको. ज्यांना लागले नाही त्यांना सांगून कळणार नाही. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची जुनी नोंद लागते आणि नोंद जितकी जुनी, तितकी तिला किंमत. आमच्या आजोबांनी शाळा पाहिली ती दुसरीपर्यंत. तेवढ्या दोन वर्षांवर सगळा भरवसा. आजोबा आता नाहीत. आप्पा, चुलते आणि मी असे तिघे त्या गावच्या शाळेत गेलो. मला नेले, कारण 'हिला वाचता येतं'.

हेडमास्तरांनी कपाट उघडले आणि जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल-खारीजची मोठी वही, टेबलावर ठेवली. तिचा कोपरा वाळवीने खाल्लेला आणि पाठीला कापडी पट्टी. शाळेचे छप्पर केव्हा तरी गळले होते आणि पाणी त्या कपाटात उतरले होते. मोबाइलच्या उजेडात आम्ही पाने उलटू लागलो. काही पानांवर नुसते जांभळट ढग. बोटाने शोधले तरी नाव नाही, गाव नाही, जन्मतारीख नाही. आप्पांनी हात मागे घेतला आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

मग १९५७ सालचे पान आले. त्यालाही पाणी लागले होते. कागद लाटांसारखा सुरकुतला होता. पण अक्षर जागच्या जागी होते. काळपट, कडेला जरासे तांबूस झालेले, टाकाने लिहिलेले, वेलांटी वळणदार. आजोबांचे नाव, पणजोबांचे नाव, जात, जन्मगाव, दाखल केल्याची तारीख. मी मोठ्याने वाचले. चुलत्यांनी पुन्हा वाचायला लावले. हेडमास्तर म्हणाले, "हे मास्तर वेगळे दिसतात. यांची शाई चांगली होती." बस्स, तेवढेच. दोन शिक्षक, दोन दौती. एकाने लिहिलेली मुले कागदावर राहिली आणि दुसऱ्याने लिहिलेली वाहून गेली.

आमच्या आधी एक म्हातारे गृहस्थ नातवाला घेऊन येऊन बसले होते. त्यांचे पान त्या ढगांपैकी होते. ते हेडमास्तरांना पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी हितंच शिकलोय, सर. त्या आंब्याखाली वर्ग भरायचा." हेडमास्तर तरी काय करणार? आम्ही उतारा घेऊन निघालो, तेव्हाही ते तिथेच बसले होते. माझ्या भावाला प्रमाणपत्र मिळाले. त्यांच्या नातवाचे काय झाले, मला माहीत नाही.

त्या मास्तरांनी कोणती शाई वापरली होती, हे आज सांगता येणार नाही. त्या काळी शाळांतून पुडी किंवा गोळी पाण्यात विरघळवून शाई करण्याची पद्धत होती. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली 'हॉर्स ब्रँड' नावाच्या अशाच पुड्या आणि गोळ्यांनी धंदा सुरू केला, त्याचीच पुढे कॅम्लिन झाली. बंगालमध्ये १९३४ साली स्वदेशीच्या भावनेने 'सुलेखा' शाई निघाली. म्हणजे आपल्या माणसांनी आपली शाई करावी, हा एके काळी स्वाभिमानाचा प्रश्न होता. पण त्या पानाच्या कडेचा तो तांबूसपणा मनातून जाईना. म्हणून ग्रंथालयात जे मिळेल ते वाचले आणि ब्लू-ब्लॅक शाईची जुनी कृती हाती लागली.

ओकच्या झाडावर एक किडा अंडी घालतो, तिथे गाठ धरते. तिला आपल्याकडे मायफळ म्हणतात; बाळगुटीत उगाळतात तेच. या मायफळाच्या अर्कात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घातला की शाई होते. ताजी शाई फिकी असते, लिहिताना नीट दिसत नाही, म्हणून तिच्यात निळा रंग घालतात. आपण निळे लिहितो. मग हवा लागते, कागदाच्या तंतूंत लोह मुरते आणि अक्षर हळूहळू काळे होत जाते. निळा रंग पुढे उडाला तरी काळे राहते. म्हणून नाव ब्लू-ब्लॅक. जुनी झाली की ती तपकिरी होते आणि आम्लता फार असेल तर कागदालाही खाते, हा तिचा दोष. युरोपात शेकडो वर्षे कागदपत्रे या शाईने लिहिली गेली, आणि इंग्लंडात जन्म, मृत्यू, विवाह यांच्या नोंदीसाठी हिचाच एक प्रकार 'रजिस्ट्रार्स इंक' म्हणून वापरीत आले.

लिहिताना एक रंग आणि वाळल्यावर दुसरा! ज्या दिवशी लिहिले त्या दिवशी ती पुरती झालेली नसते. मला ही शाई आवडली. ब्लू-ब्लॅक हा माझा आवडता रंग आहे. दुकानदाराला सव्वा वर्षाने दिलेले माझे हे उत्तर.

एक इशारा मात्र देते. आज बाजारात 'ब्लू-ब्लॅक' लिहिलेल्या प्रत्येक बाटलीत लोह असतेच असे नाही. पुष्कळशा नुसत्याच गडद निळ्या रंगाच्या असतात, पाणी लागले की निघाल्या. मी तीन निरनिराळ्या बाटल्यांतून कागदावर ओळी ओढल्या, दोन दिवस ठेवल्या आणि माठाखाली पाच मिनिटे धरल्या. एक पूर्ण गेली, एक अर्धी गेली, एकीची करडी रेघ राहिली. ती राहिली ती माझी. लोहाची शाई पेनात वाळू देऊ नये, महिन्यातून एकदा साध्या पाण्याने पेन धुवावे, म्हणजे ड्रॉइंगच्या शाईसारखा प्रसंग येत नाही.

माझा तो ग्रंथालयातला मित्र आता म्हणेल, बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्याने जात नाही, मग एवढा खटाटोप कशाला? खरे आहे. पाण्याचाच प्रश्न असता तर बॉलपेन पुरे होते. पण बॉलपेनला दाबावे लागते आणि तीन तासांच्या पेपरात माझा अंगठा दुखतो. निब नुसती टेकली की चालते. आणि मुख्य म्हणजे पाच रुपयांचे पेन घेताना मला कुणी विचारले नव्हते आणि मीही स्वतःला विचारले नव्हते. चौकाचौकांतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या कोटाला पेन असते. लहानपणी मी आप्पांना विचारले होते, "त्यात कुठली शाई असंल?" आप्पा म्हणाले होते, "असले प्रश्न विचारू नयेत." मला अजून वाटते, तो प्रश्न बरोबर होता.

आता आईचे सांगते आणि थांबते.

आई दोन वर्षांपूर्वीपर्यंत अंगठा करायची. बचत गटात गेल्यावर तिने सही शिकायचे मनावर घेतले. भाकरी झाल्यावर परातीतल्या पिठावर बोटाने, मग पाटीवर, मग माझ्या जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर. ज्या महिन्यात पहिल्यांदा सही करायची होती, त्याच्या आदल्या रात्री मी माझ्या सगळ्या बाटल्या तिच्यासमोर मांडल्या आणि मोठ्या ऐटीत विचारले, "रंग कोणता देऊ?"

जांभळा रंग मला तिच्या पातळाशी जुळणारा वाटला, म्हणून तो पुढे केला. तिने बाटली बाजूला सारली. "त्यो नगं. त्यो अंगठ्याचा हाय." शिक्क्याच्या पॅडची ती जांभळी शाई तिच्या अंगठ्यावरून दोन-दोन दिवस जायची नाही, भाकरी थापताना पिठाला लागेल म्हणून ती राखेने घासायची. मतदानाची शाई तिला चालते. तिच्यातल्या सिल्व्हर नायट्रेटमुळे नखावरचा डाग दिवसेंदिवस राहतो, तरी ती घासत नाही. "ती समद्यांलाच लावत्यात," म्हणते. मी माझी ब्लू-ब्लॅक दाखवली, मायफळाची सगळी हकीकत सांगितली, आजोबांच्या पानाची आठवण दिली. तिने सगळे ऐकून घेतले आणि हिरव्या बाटलीवर बोट ठेवले.

"आई, तो साहेबांचा रंग," मी म्हणाले.

"मग?"

"आणि टिकणार नाही तो. उन्हानं उडंल, पाण्यानं जाईल."

"जाऊ दे की," ती म्हणाली. "म्हैन्याच्या म्हैन्याला करायचीच हाय मला सही."

तेव्हापासून दर महिन्याच्या बैठकीला ती माझे पेन मागून घेते आणि मला आदल्या रात्री ते धुऊन त्यात हिरवी भरावी लागते. निम्मी बाटली संपली आहे.